शिकाऊ शिक्षकाने सहलीतून आणि सांस्कृतिक देवाणघेवाणीतून शिकायचं कसं

शिक्षक व्हायचं शिक्षण घेताना सहल आणि कल्चरल एक्सचेंज या दोन गोष्टी बहुतेकांच्या वाट्याला येतात, आणि दोन्हींचं पुढे काय होतं तर फोटो, एक अहवाल, फाइलवर सही, संपलं. मी ट्रेनी असताना असे दोन अहवाल लिहिले होते. त्यात जागेची माहिती होती, वेळापत्रक होतं, "विद्यार्थ्यांनी मनसोक्त आनंद घेतला" हे वाक्यही होतं, पण एकाही मुलाबद्दल एक ओळ नव्हती. आता माझ्याकडे छात्राध्यापक सराव पाठांसाठी येतात तेव्हा मी पहिल्याच दिवशी सांगते की सहलीला जागा बघायला जाऊ नका, मुलं बघायला जा. जागा तुम्ही नंतर कधीही एकटे जाऊन बघू शकता. वर्गात गप्प बसणारं पोरगं मोकळ्या हवेत कसं वागतं, ते मात्र त्याच दिवशी दिसतं, नाही बघितलं तर गेलं. एक्सचेंजचंही, म्हणजे दुसऱ्या देशातल्या शाळेशी जोडून घेण्याचंही, तसंच आहे, समोरच्या देशाची माहिती पुस्तकातही मिळते, पण तिकडचा शिक्षक मूल चुकल्यावर काय करतो ते समोर बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

हे करायचं कसं ते सांगते, जसं मला जमत गेलं तसं.

आधी स्वतः एकदा जाऊन या

पूर्वभेट टाळू नका. शक्यतो ज्या वेळेला मुलांना नेणार त्याच वेळेला जा, कारण सकाळी नऊला जिथे सावली असते तिथे दुपारी एकला कडक ऊन असतं. चालत जा, मुलं थांबतील तिथे थांबा आणि मोठ्याने दोन वाक्यं बोलून बघा, धबधबा किंवा रस्ता जवळ असेल तर तुमचा आवाज पाच पावलांवर विरतो आणि मग तिथे समजावून सांगायचा बेत करण्यात अर्थ नाही. तीस मुलं अर्धगोलात उभी राहतील एवढी सपाट जागा कुठे आहे, टॉयलेट कुठे आहे, फोनला रेंज कुठपर्यंत आहे, गाडी कुठपर्यंत येऊ शकते, हे सगळं वहीत टिपून ठेवा.

चढ असेल तर वेळेचा हिशोब नीट मांडा. नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम दिला होता, आजही लोक तोच वापरतात, साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशोब धडधाकट मोठ्या माणसाचा, आणि त्यात थांबण्याचा वेळ धरलेला नाही. मुलांसोबत मी सरळ दुप्पट धरते, कारण मुलं थांबतात, वाकतात, बूट बांधतात, आणि खरं शिकणं त्या थांबण्यातच होत असतं. वेळापत्रक इतकं घट्ट असेल की कुणी वाकून काही बघितलं की तुम्हाला "चला चला" म्हणावं लागतंय, तर त्या दिवशी तुमच्या तोंडून दुसरं काहीच निघणार नाही.

मग मुलांना आधीच सगळं सांगून टाका. कुठे जायचंय, नकाशात ती जागा कुठे आहे, किती चालायचंय, कुठे बसून खायचंय, टॉयलेट कुठे, परत किती वाजता. पूर्वभेटीतले फोटो दाखवा. काहींना वाटतं यातली मजा जाईल, सरप्राइज राहणार नाही. पण नवीन जागी गेल्यावर डोक्याची निम्मी जागा "मी कुठे आहे, आता काय होणार" यातच अडकते. इस्राएलमधल्या ओरियन आणि हॉफ्स्टाइन या संशोधकांनी शाळेच्या भूगर्भशास्त्राच्या सहलींवर काम करून १९९४ मध्ये हेच मांडलं होतं, नवखेपणा तीन प्रकारचा असतो, विषयाचा, जागेचा आणि मनाचा, आणि ज्या मुलांचा हा नवखेपणा आधीच कमी केलेला असतो ती जास्त शिकून येतात. हे शिकाऊ शिक्षकालाही तितकंच लागू आहे बरं का. तुम्ही स्वतःच जागेला नवखे असाल तर मुलांकडे बघायला डोळे मोकळे राहणारच नाहीत, म्हणून पूर्वभेट.

तीन मुलं निवडा आणि छोटी वही खिशात ठेवा

तीसच्या तीस मुलांवर लक्ष ठेवणं म्हणजे कुणावरच न ठेवणं (सुरक्षेसाठी सगळ्यांवर ठेवायचंच, मी शिकण्यासाठी बघण्याबद्दल बोलतेय). आधीच्या दिवशी तीन मुलं ठरवा. एक वर्गात सतत हात वर करणारं, एक कधीच न बोलणारं, आणि एक असं की ज्याच्याबद्दल तुम्हाला काहीच सांगता येत नाही, हजेरीत नाव आहे पण चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. हे तिसरं फार महत्त्वाचं.

वही खिशात मावेल एवढी हवी, सोबत पेन्सिल, कारण कागद दमट झाला की पेन चालत नाही. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. "कंटाळला होता" हे डावीकडे येत नाही, "दगडावर बसला, बुटाच्या टोकाने माती उकरत होता, चार मिनिटं" हे डावीकडे येतं. मुलाचं वाक्य आलं तर जसंच्या तसं लिहा, तुमच्या शब्दात नको. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पहिल्या सहलीत माझ्या ट्रेनींच्या डाव्या रकान्यात निम्मी वाक्यं उजवीकडची असतात, ठीक आहे, संध्याकाळी बाण काढून हलवायची.

फोन वापरू नका असं मी म्हणते, आणि ठाम म्हणते. फोन काढला की मुलं पोज देतात, तुम्ही फ्रेम बघता. शिवाय मुलांचे फोटो काढायला पालकांची लेखी संमती लागते, ती नसेल तर विषयच संपला.

ओढ्याकाठचा दगड

एक प्रसंग सांगते, कारण मला हे सगळं तिथूनच कळलं. एका ओढ्याकाठी वर्ग नेला होता, घोट्याएवढं पाणी, माझा पाठ होता "पाण्याचा प्रवाह आणि झीज", टाचण एकदम पक्कं, चार थांबे, प्रत्येक थांब्याला दोन प्रश्न. दुसऱ्या थांब्याला एक मुलगी मागे राहिली. वर्गात ती वाचायला उभी राहिली की आवाजच यायचा नाही. ती पाण्यातला तळहाताएवढा दगड उलटा करून बघत होती. खालच्या बाजूला वाळूचे कण आणि काडीचे तुकडे चिकटवून केलेली एक बारीक नळी होती, नखाएवढी, आणि त्या नळीतून डोकं बाहेर काढून काहीतरी हळूहळू सरकत होतं. ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "घर घेऊन चाललंय."

ती कॅडिसफ्लायची अळी होती. ही अळी तोंडाजवळून निघणाऱ्या रेशमासारख्या धाग्याने वाळू, काड्या, पानांचे तुकडे जोडून स्वतःभोवती नळी बांधते, त्यातच वाढते, आणि पुढे तिचा पतंगासारखा दिसणारा उडणारा कीटक होतो. मला हे माहीत होतं. म्हणून मी काय केलं, टाळी वाजवून सगळ्या वर्गाला गोळा केलं, दगड हातात घेतला आणि तीन मिनिटं ही माहिती सांगितली. सगळी पोरं पुढे सरसावली, ती मुलगी मागे ढकलली गेली, आणि माझं बोलून झालं तेव्हा ती ओढ्यापासून लांब जाऊन उभी होती. त्या दिवसात पुन्हा ती पाण्याजवळ आली नाही.

माहिती खरी होती, वेळ चुकली. मी तिच्या शेजारी उकिडवी बसून फक्त "कशाचं बनवलंय?" एवढंच विचारून थांबले असते तर पुरे होतं. आता हे ट्रेनींना मी नियम म्हणून सांगते: मूल काही बघत असेल तर आधी त्याच्या उंचीवर या, ते बघतंय तेच बघा, एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर त्या वस्तूकडे बघूनच मिळेल, आणि मग गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांचं रेकॉर्डिंग तपासलं तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते, आणि हेच थांबणं तीन सेकंद किंवा जास्त झालं की मुलांची उत्तरं लांब होत होती, न बोलणारी मुलंही बोलू लागत होती, मुलं आपणहून प्रश्न विचारू लागत होती. तीन सेकंद म्हणजे किती ते मनात मोजून बघा, वर्गात ते फार लांब वाटतात. बाहेर तर मी दहापर्यंत मोजते, कारण बाहेर मूल उत्तर शोधायला खरंच काहीतरी हलवतं, उचलतं, वास घेतं, त्याला वेळ लागतो.

आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने, हळूच परत ठेवायचा. खाली कुणाचं तरी घर असतं. हे मुलांना सांगायला लागत नाही, तुम्ही ठेवलात की तीही ठेवतात.

उभं राहायची एक साधी गोष्ट, कुणी सांगत नाही म्हणून सांगते. बाहेर सगळ्यांशी बोलायचं असेल तर ऊन तुमच्या डोळ्यांवर घ्या, मुलांच्या पाठीवर असू द्या. आणि तुमच्या मागे काही हलतं दृश्य नको, म्हणजे रस्ता, पाणी, दुसरा ग्रुप. मुलं तुमच्याकडे बघत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या कितीतरी ट्रेनींना मी फक्त जागा बदलायला लावलीय.

सुरक्षेचं थोडक्यात पण नक्की

शिकाऊ आहात म्हणून जबाबदारी तुमच्यावर एकट्यावर येत नाही, यायलाही नको, अनुभवी शिक्षक सोबत हवाच. पण पद्धत तुमच्या हातात बसली पाहिजे. सगळ्यात पुढे एक मोठं माणूस, सगळ्यात मागे एक, आणि मागच्याच्या मागे कुणीही नाही. मुलांच्या जोड्या, प्रत्येक जोडीला नंबर, मोजताना मुलं स्वतः नंबर ओरडतात, गाडीत चढताना, उतरताना, प्रत्येक थांबा सोडताना. इनहेलर किंवा ॲलर्जीचं औषध लागणारं मूल असेल तर ते औषध त्या मुलाच्या गटातल्या मोठ्या माणसाकडेच पाहिजे, गाडीतल्या बॅगेत असून उपयोग नाही. फर्स्ट एडची पेटी आदल्या दिवशी उघडून बघा, बऱ्याचदा त्यात बँडेज असतं आणि कात्री नसते.

विजेचं लक्षात ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, आवाज साधारण तीन सेकंदात एक किलोमीटर जातो, म्हणजे ३० सेकंद किंवा कमी आले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, झाडाखाली अजिबात नाही. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं थांबायचं, मुलं कितीही म्हणोत की पाऊस थांबला. ही ३० मिनिटं कशी घालवायची ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर तिसाव्या मिनिटाला तुमचा धीर सुटलेला असतो.

त्याच संध्याकाळी वीस मिनिटं

कितीही दमला असाल तरी झोपायच्या आधी वही उघडा. दुसऱ्या दिवशी आठवेल असं वाटतं, पण आठवतो तो सहलीचा गोषवारा, मुलाचं वाक्य विरून जातं. डावा रकाना वाचा, तीन मुलांपैकी ज्याच्याबद्दल सगळ्यात अनपेक्षित काही दिसलं ते एक निवडा आणि अर्धं पान लिहा. सगळ्या सहलीबद्दल लिहायचं नाही, एकाच क्षणाबद्दल.

डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये मांडलेलं अनुभवातून शिकण्याचं चक्र तुम्हाला परीक्षेला असेलच, अनुभव घ्या, मागे वळून बघा, त्यातून एक कल्पना काढा, ती करून बघा. पाठ सगळ्यांना असतं. मी जे बघते ते असं की ट्रेनी पहिल्या तीन पायऱ्या झकास लिहितात आणि चौथीला "भविष्यात मी अधिक लक्ष देईन" असं लिहून मोकळे होतात. चौथी पायरी म्हणजे पुढच्या आठवड्यातला एक पाठ, त्याची तारीख, आणि त्या टाचणात नक्की काय बदललं ती ओळ. ओढ्यानंतर मी एवढंच केलं, पुढच्या विज्ञानाच्या तासाला सुरुवातीची पाच मिनिटं काहीच शिकवलं नाही, प्रत्येक बाकावर एक वस्तू ठेवली, वाळलेलं फळ, पीस, दगड, आणि मुलांना म्हटलं जे दिसतंय ते शेजाऱ्याला हळू आवाजात सांगा. सगळ्या वर्गासमोर बोलायची भीती वाटणाऱ्यांना शेजाऱ्याशी बोलता येतं. ती मुलगी बोलली. शेजारणीला, पण बोलली.

आता एक्सचेंजकडे

दुसऱ्या देशातल्या किंवा दुसऱ्या भाषेच्या शाळेशी जोडून घ्यायचं म्हटलं की पहिली कल्पना कायम एकच असते, तुम्ही तुमचे कपडे आणि सण दाखवा, आम्ही आमचे दाखवतो. एक तास छान जातो. पण मुलं काय शिकतात तर "ते लोक असे असतात". एका मुलाच्या खांद्यावर अख्ख्या देशाचं ओझं येतं, आणि तुम्हाला शिक्षक म्हणून हाती काहीच लागत नाही.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये लिहून ठेवलंय की दोन गट नुसते भेटले म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. दोन्हींचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागली पाहिजे, आणि वरच्या लोकांचा, म्हणजे शाळेचा, त्याला पाठिंबा हवा. तर मग असं काम शोधायचं जे एका शाळेला एकटीला करताच येणार नाही. मला सापडलेल्यातलं सगळ्यात चांगलं काम सावलीचं आहे, आणि ते मैदानात होतं म्हणून सहल आणि एक्सचेंज दोन्ही एकातच होतात.

इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा घेर काढला तो याच पद्धतीने. उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारी इजिप्तमधल्या साईनी या गावी सूर्य थेट डोक्यावर यायचा, आणि त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात उभ्या काठीची सावली पडायची, कोन सुमारे ७.२ अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास, झाला घेर. हेच तुमची शाळा आणि ती शाळा करू शकता, दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी एक मीटरची सरळ काठी सपाट जमिनीत उभी करायची, ओळंब्याने सरळ आहे का बघायची, आणि त्या दिवसाची सगळ्यात छोटी सावली मोजायची.

इथे एक अडचण सगळ्यांना येते. सगळ्यात छोटी सावली घड्याळातल्या बाराला पडतेच असं नाही. त्या दिवसाच्या सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या बरोबर मधली वेळ काढा, ती तुमची खरी मध्यान्ह. तिच्या अर्धा तास आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा आणि अर्धा तास नंतरपर्यंत करत राहा. मुलांना स्वतः खूण करू द्या. खुणा काठीच्या जवळ येत येत थांबतात आणि मग लांब जायला लागतात, आणि त्या थांबण्याच्या आसपास अख्खा वर्ग जमिनीवर वाकलेला असतो.

समजा एका शाळेत सावली ३६ सेंटिमीटर आली आणि दुसरीकडे पूर्ण १०० सेंटिमीटर. कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजला तर २० अंश आणि ४५ अंश येतात, फरक २५. दोन्ही शाळा विषुववृत्ताच्या एकाच बाजूला असतील आणि दोन्ही सावल्या एकाच दिशेला पडत असतील तर कोन वजा करायचे. मग दोन शाळांमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावरून काढायचं, तिरकं अंतर नाही, फक्त उत्तर-दक्षिण. ते २७७५ किलोमीटर असेल तर २७७५ गुणिले ३६० भागिले २५, उत्तर ३९,९६० किलोमीटर. पृथ्वीचा खरा घेर ४०,००० किलोमीटरच्या आसपास आहे. मुलांच्या हातून हजारभर किलोमीटर इकडेतिकडे होतं, होऊ द्या, मग चूक कुठे झाली यावर दोन्ही वर्ग एकमेकांशी बोलतात. काठी तिरकी होती का, जमीन उताराची होती का, तुम्ही कुठल्या टोकापासून मोजलंत. "तुम्ही काय खाता" यापेक्षा हे बोलणं कितीतरी खरं असतं, कारण त्यात दोघांना एकमेकांचं उत्तर पाहिजे असतं.

आणि ती शाळा विषुववृत्ताच्या खूप दक्षिणेला असेल तर त्यांची दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, तुम्ही उत्तरेला असाल तर तुमची वर्षातला बहुतेक काळ उत्तरेकडे, सावल्या अशा उलट दिशांना पडल्या तर कोनांची बेरीज करायची. मुलं पहिल्यांदा म्हणतात की त्यांनी काठी उलटी लावली. लगेच दुरुस्त करू नका. त्यांनाच विचारू द्या, तिकडच्या मुलांना सांगू द्या. ज्या दिवशी इकडच्या मुलाला कळतं की तिकडे डिसेंबरात उन्हाळा असतो आणि आपल्या पुस्तकातलं "हिवाळा म्हणजे डिसेंबर" हे जगभर खरं नाही, त्या दिवशी तुम्हालाही कळतं की शिकवताना आपण किती गोष्टी गृहीत धरून चाललो होतो.

कॉलच्या वेळची तारांबळ

वेळ ठरवताना "सकाळी दहा" असं लिहू नका, यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत, लिहा आणि शेजारी दोन्हीकडची स्थानिक वेळ लिहा. बऱ्याच देशांत वर्षातून दोनदा घड्याळ एक तास मागेपुढे करतात, मार्चमध्ये ठरवलेला कॉल एप्रिलमध्ये एक तास चुकतो आणि एक वर्ग रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहतो. माईक एकच ठेवा, मुलांनी त्याच्याजवळ येऊन बोलायचं. आदल्या दिवशी तिकडच्या शिक्षकाशी दहा मिनिटं टेस्ट करा, आणि त्यातच विचारून घ्या की मुलांची पूर्ण नावं, चेहरे, रेकॉर्डिंग यांबद्दल त्यांच्या शाळेचा नियम काय आहे.

माझ्या एका ट्रेनीचा पहिला कॉल मला चांगलाच आठवतो. तिने तिकडच्या वर्गाला विचारलं, "तुमची सावली किती आली?" समोर शांतता. मुलं एकमेकांकडे बघतायत, दोघं कुजबुजतायत. तिने पुन्हा विचारलं, मग सोप्या शब्दांत विचारलं, मग स्वतःच आपलं उत्तर सांगून टाकलं. कॉलनंतर तिच्या वहीत होतं, "तिकडची मुलं लाजाळू आहेत, तयारी कमी होती." मी म्हटलं हे सगळं उजव्या रकान्यातलं आहे, डावीकडे काय? बराच वेळ विचार करून तिने लिहिलं, "प्रश्नानंतर चार मुलांनी डोकी एकत्र आणली. एकाने वही उघडली. मी बोलायला लागल्यावर वही बंद केली." मग तिने तिकडच्या शिक्षिकेला मेल केला, विचारलं की त्या वेळी मुलं काय करत होती. उत्तर आलं की त्यांच्या वर्गात गटाचं उत्तर गटाने ठरवून मगच एकाने सांगायची सवय आहे, त्या वेळी ती मुलं दोन मापांतलं कोणतं सांगायचं ते ठरवत होती.

एक्सचेंजमधून शिक्षकाने शिकायचं ते हे. आधी काय दिसलं, मग त्याचे निदान तीन वेगळे अर्थ काय असू शकतात, आणि मत सगळ्यात शेवटी, तेही विचारून झाल्यावर. तीन अर्थ लिहायची सक्ती करा स्वतःवर. एकच सुचत असेल तर तो तुमच्या स्वतःच्या वर्गाच्या सवयीतून आलेला असतो, बघा पडताळून. आणि विचारताना "तुमच्याकडे असं का करतात" असं नको, समोरच्याला उगाच बचाव करावा लागतो. "त्या वेळी मुलं काय करत होती" असं विचारा, शिक्षक आनंदाने सांगतात.

त्या ट्रेनीने पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या वर्गात ही पद्धत लावली, प्रश्न, मग गटात एक मिनिट, मग उत्तर. पहिल्या दिवशी गोंधळ झाला, तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून उत्तरं यायला लागली.

प्रत्यक्ष तिकडे राहायला गेलात तर

काही आठवडे दुसऱ्या देशातल्या शाळेत राहायची संधी मिळाली तर पहिले काही दिवस सगळं भारी वाटतं, आणि मग एका दिवशी सगळ्याचाच राग येतो, घंटेचा, स्टाफरूमचा, लोकांच्या हसण्याचा. याला कल्चर शॉक म्हणतात, मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मध्ये याचे टप्पे मांडले होते, आधी हुरूप, मग त्रास, मग हळूहळू रुळणं. सगळ्यांना याच क्रमाने येतो असं नाही. पण आला तर आपण नालायक आहोत असं समजू नका, आणि त्या दिवसांत त्या शाळेबद्दल कुठलंही ठाम मत लिहू नका, डावा रकाना तेवढा भरत राहा.

तिकडे पाठ घ्यायची घाई करू नका. पहिला आठवडा मागच्या बाकावर बसायला मागून घ्या. मूल चुकलं की शिक्षक पहिला शब्द कोणता उच्चारतो, एखादं मूल वाचत असताना शिक्षक कुठे उभा असतो, तास सुरू व्हायच्या आधीची दोन मिनिटं मुलं काय करतात, हे बघा. पाठाचा विषय काय होता हे कुणीही सांगेल. आणि तुमच्याकडूनही काहीतरी द्या, नुसतं घेऊन येऊ नका, त्यांच्या एखाद्या तासाचं निरीक्षण मागितलं तर डाव्या रकान्याचं पान त्या शिक्षकाला वाचायला द्या. आपला वर्ग बाहेरच्या माणसाला नेमका कसा दिसला हे कुणालाच सहसा वाचायला मिळत नाही.

परत आल्यावर

अहवाल द्यायचाच असतो, द्या. पण त्याच्यासोबत वहीची तीन पानं झेरॉक्स करून मेंटॉरसमोर ठेवा आणि अर्धा तास मागा. म्हणा, हे मी बघितलं, हा माझा अर्थ, तुम्हाला यात दुसरा काही दिसतो का. मुलांची खरी नावं तेवढी खोडून अक्षरं घाला, वही कुठेही पडू शकते.

मुलांनाही त्यांनी बघितलेलं परत द्या. सावलीच्या सगळ्या मापांइतक्या लांबीच्या सुतळ्या कापून वर्गाच्या भिंतीवर टांगा, तिकडच्या शाळेच्या एका रंगात, तुमच्या दुसऱ्या. तीन महिन्यांनी तीच काठी त्याच जागी पुन्हा लावा, सावली बदललेली असते, नवीन सुतळी शेजारी टांगा आणि आकडा तिकडे पाठवा. आमच्या भिंतीवर एका वर्षात अशा चार जोड्या झाल्या. पाचव्या वेळी काठी रोवायला मैदानात गेलो तेव्हा एक मुलगा आधीच खडू घेऊन तिथे बसलेला होता, आणि तो हजेरीतला तिसरा होता, ज्याचा चेहरा मला आठवत नसे.